‘प्रतिकारशक्ती कमी पडली’ म्हणावं का?

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका आशाताईंचा प्रश्न आहे. त्यांच्या गावातल्या एका काकांचा किडनीचा कॅन्सर फुफ्फुसात पसरला. नागपूरच्या डॉक्टरांच्या बोलण्यात ‘ट्यूमर इम्यून मायक्रोएन्व्हायर्नमेंट’ असा शब्द आला. त्याला मराठीत काय म्हणावं? आणि घरचे म्हणतात, ‘प्रतिकारशक्ती कमी पडली म्हून पसरला’, हे बरोबर आहे का?

ताई, दुसरा प्रश्न आधी घेतो. ‘कमी पडली’ हा प्रयोग इथे चुकतो, आणि त्यातून त्रासही होतो. नीट खाल्लं नाही, काढा घेतला नाही, असा दोष रोग्यावर येतो. किडनीच्या कॅन्सरचा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार म्हणजे ‘क्लिअर सेल’. बहुतेक कॅन्सरांत गाठीत टी पेशी (रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशी) जास्त असतील तर ते चांगलं लक्षण मानतात. या प्रकारात मात्र अनेक अभ्यासांत उलटं दिसलं: गाठीत मारक टी पेशी भरपूर, तरी आजार पुढेच जातो. कारण त्यातल्या बऱ्याच पेशी थकलेल्या असतात. रानडुकरांसाठी रोज जागल करणारा माणूस धुऱ्यावर हजर असतो, पण महिनाभरानं त्याच्या तोंडून हाकारा निघत नाही, तसं. त्या पेशींवरचा ‘पीडी-१’ हा रेणू त्यांना आवरून धरतो. गाठीतल्या काही भक्षक पेशी, म्हणजे एरवी जंतू गिळणाऱ्या प्रतिकार पेशी, तर गाठीच्याच बाजूनं वागू लागतात.

त्यात आणखी एक गोष्ट. या प्रकारात बहुतेकदा ‘व्हीएचएल’ हे जनुक बिघडलेलं असतं. त्यामुळे नव्या रक्तवाहिन्या वाढवणारा ‘व्हीईजीएफ’ हा पदार्थ जास्त तयार होतो. गाठीला रक्त मिळतं, पेशींना रक्तातून बाहेर जायला वाट मिळते, आणि हाच पदार्थ प्रतिकार पेशींनाही दाबतो.

आता पहिला प्रश्न. गाठीतल्या या पेशी, रक्तवाहिन्या आणि पदार्थ, हे सगळं मिळून ‘ट्यूमर इम्यून मायक्रोएन्व्हायर्नमेंट’. म्हणून त्याला मी ‘गाठीतला प्रतिकार-परिसर’ असं सुचवतो. ‘पर्यावरण’ म्हटलं की गावात झाडं-पाणी आठवतं. ‘गाठीभोवतीचा’ही अपुरं आहे, कारण या पेशी गाठीच्या आतही असतात.

कॅन्सर पसरण्याला कुणी ‘स्थलांतर’ही म्हणतात. तो शब्द मला पटत नाही. मेळघाटातलं कुटुंब कामाला बाहेर गेलं की घराला कुलूप लागतं. कॅन्सर मूळ जागाही सोडत नाही. घरच्यांचं ‘पसरला’ हेच नेमकं आहे. फक्त ‘फुफ्फुसाचा कॅन्सर झाला’ म्हणू नका. फुफ्फुसात गेला तरी तो किडनीचाच कॅन्सर असतो, औषधंही त्याचीच लागतात.

घरच्यांना इतकं सांगा: ‘काकांच्या अंगात लढणाऱ्या पेशी आहेत, गाठीनं त्यांना दाबून ठेवलंय.’ पीडी-१ची ही पकड सोडवणारं निवोलुमॅब हे औषध किडनीच्या पसरलेल्या कॅन्सरसाठी अमेरिकेत २०१५ मध्ये मंजूर झालं. पीडी-१ शोधणारे जपानी शास्त्रज्ञ तासुकु होंजो यांना २०१८ चं नोबेल मिळालं, अमेरिकी शास्त्रज्ञ जेम्स अ‍ॅलिसन यांच्यासोबत. अशी इम्युनोथेरपी सगळ्यांना लागू पडत नाही; काकांना चालेल का, हे पुढच्या फेरीत डॉक्टरांना जरूर विचारा.