कंपनीला पत्र लिहून पगार कापला जात नाही

ताई, मुलाची पोटगी ठरली, बापाने चार महिने दिली, मग हात आखडला, अशी पत्रं मला सतत येतात. तुमच्या मुलाला पुण्याच्या कौटुंबिक न्यायालयाने फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 125 खाली दरमहा 9,000 रुपये मंजूर केले. पासबुकाच्या फोटोत शेवटची जमा 28 महिन्यांपूर्वीची आहे, त्याखाली पान कोरं. आणि तुम्ही विचारता, चाकणच्या त्याच्या कंपनीत एचआरला तीन पत्रं दिली, तरी ते पगार का कापत नाहीत?

कोर्टाचा आदेश नाही म्हणून. पण तुमचं खरं नुकसान दुसरीकडे झालंय. कलम 125 (आता नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 144) सांगतं की रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज केला नाही, तर तिच्यासाठी वॉरंट निघत नाही. म्हणजे वॉरंटच्या धाकाने आज फक्त 12 महिन्यांचे 1,08,000 मागता येतील. ‘देईल तो, थांब जरा’ हे नातेवाइकांचं ऐकून तुम्ही थांबलात, याचा मला खरंच राग येतो. पैसे मुलाचे होते. अजूनही दर महिन्याला 9,000 त्या मुदतीबाहेर जाताहेत. याच आठवड्यात अर्ज टाका. नंतर थकणारे महिने त्याच अर्जात धरता येतात.

आधीचे 1,44,000 बुडालेले नाहीत. वर्षाची अट फक्त वॉरंटच्या मार्गाला आहे, हक्काला नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये सांगितलंय. पोटगीचा आदेश दिवाणी हुकूमनाम्यासारखा बजावता येतो, हे 2020 च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालात आहे. त्यासाठी दरखास्त, म्हणजे आदेशाच्या अंमलबजावणीचा अर्ज, लावा आणि पगारजप्ती मागा. पोटगीच्या वसुलीत पगाराचा एक तृतीयांश भागच जप्तीपासून सुरक्षित असतो. दरमहा नेमकं किती कापायचं ते कोर्ट ठरवेल, त्यावर मी आत्ता आकडा सांगणार नाही. कोर्टाची नोटीस मिळूनही कंपनीने त्याला पूर्ण पगार दिला, तर तेवढी रक्कम कंपनीच्या अंगावर येते. एचआर हलतं ते या नोटिशीने.

दरखास्तीत तारखा लांबतात आणि शाळेची फी थांबत नाही, हे मी रोज बघतो. म्हणून पहिल्याच तारखेला आदेशाची प्रमाणित प्रत, बँकेचा उतारा आणि त्याच्या कंपनीचा पूर्ण पत्ता सोबत ठेवा. त्याने नोकरी बदलल्याचं कळलं, तर त्याच दिवशी वकिलाला सांगा. नव्या कंपनीला नवी नोटीस लागते.