एचसीआरटी जनुक नॉर्मल, तरी नार्कोलेप्सी कशी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: हसताना गुडघे लटके पडतात, दिवसा झोप अनावर होते, नार्कोलेप्सीचं, म्हणजे झोप-जागेपणाचं नियंत्रण बिघडण्याच्या आजाराचं, निदान झालंय, पण एचसीआरटी (हायपोक्रेटिन) जनुकाचा रिपोर्ट मात्र 'नॉर्मल' आला. मग चुकलं कोण, डॉक्टर की लॅब?

बहुधा कोणीच नाही. मी जीवशास्त्र शिकवतो, डॉक्टर नाही, त्यामुळे औषधोपचाराबद्दल बोलत नाही. पण हे जनुक माझ्या खास आवडीचं आहे.

सतराव्या गुणसूत्रावरचं हे जनुक अगदी आटोपशीर आहे: दोन एक्झॉन (प्रत्यक्ष वापरले जाणारे तुकडे), मध्ये एक इंट्रॉन (गाळला जाणारा तुकडा). त्यातून १३१ अमिनो आम्लांचं प्रथिन तयार होतं, पण ते तसंच्या तसं कामाचं नसतं. सुरुवातीची ३३ अमिनो आम्लं म्हणजे नुसता पत्ता. प्रथिन पेशीतल्या योग्य कप्प्यात शिरलं की हा पत्ता कापला जातो. मग आणखी काटछाट होऊन दोन न्यूरोपेप्टाइड (चेतापेशींचे निरोप नेणारे छोटे प्रथिन-तुकडे) निघतात, ३३ अमिनो आम्लांचं ओरेक्सिन-ए आणि २८ चं ओरेक्सिन-बी. जागं राहण्याचा निरोप मेंदूभर पोचवतात ती हीच दोघं. हा निरोप घेणारे रिसेप्टर, म्हणजे पेशीवरचे ग्राहक रेणू, दोन प्रकारचे: पहिला मुख्यतः 'ए'लाच दाद देतो, दुसरा दोघांनाही.

(नावांचा घोळ: १९९८ मध्ये दोन गटांनी हा शोध स्वतंत्रपणे लावला. एकाने मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसवरून 'हायपोक्रेटिन' म्हटलं. दुसऱ्याच्या प्रयोगात उंदीर जास्त खायला लागले, म्हणून त्यांनी भुकेच्या ग्रीक शब्दावरून 'ओरेक्सिन' म्हटलं. जनुकाला पहिलं नाव चिकटलं, पेप्टाइडला बहुतेक जण दुसऱ्याने हाक मारतात. भुकेपेक्षा झोपेशी त्याचं नातं घट्ट आहे हे नंतर कळलं.)

आता मुद्द्याचं. हे जनुक शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत असतं, पण त्याचा मुख्य वापर करतात त्या हायपोथॅलॅमसच्या बाजूच्या भागातल्या साधारण ५० ते ८० हजार चेतापेशी. अब्जावधी पेशींच्या मेंदूत हा आकडा नगण्यच. २००० साली नार्कोलेप्सीच्या मृत रुग्णांचे मेंदू तपासले तेव्हा नेमक्या याच पेशी बहुतांशी नाहीशा झालेल्या दिसल्या. तुमची तपासणी झाली ती रक्तातल्या पांढऱ्या पेशींच्या डीएनएवर. तिथली प्रत नीट आहे, एवढंच त्या रिपोर्टने सांगितलं. मेंदूतल्या त्या पेशी शिल्लक आहेत का, हे रक्ताला कसं कळणार?

जनुकच बिघडल्याचं उदाहरण आहे, पण ते अपवादात्मक. एका रुग्णाला वयाच्या सहाव्या महिन्यातच त्रास सुरू झाला होता. त्याच्या एचसीआरटीत वर सांगितलेल्या 'पत्त्या'मध्ये ल्युसिनच्या जागी आर्जिनिन आलं होतं. एका अक्षराच्या फरकाने प्रथिन पेशीत अडकून पडतं. डॉबरमन कुत्र्यांमधल्या आनुवंशिक नार्कोलेप्सीत तर पेप्टाइड ठीक असतं, दुसरा रिसेप्टर बिघडलेला असतो.

मग माणसांत या पेशी मारतं कोण? संशय आपल्याच प्रतिकारशक्तीवर आहे. कॅटाप्लेक्सी, म्हणजे तुमचं ते हसताना लटकं पडणं, असलेल्या जवळजवळ सगळ्या रुग्णांत डीक्यूबी१*०६:०२ हा एचएलए (प्रतिकारशक्तीला आपलं-परकं ओळखायला मदत करणाऱ्या जनुकांचा) प्रकार सापडतो. २००९ च्या स्वाइन फ्लूच्या साथीत पॅन्डेमरिक्स लस दिल्यावर फिनलंड आणि स्वीडनमधल्या मुलांत नार्कोलेप्सी वाढलेली दिसली, तेव्हा हा संशय आणखी बळावला. पण हाच एचएलए प्रकार असूनही आयुष्यभर ठणठणीत राहणारे लोक असंख्य आहेत. एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला हा आजार झाला तरी दुसऱ्याला बहुतेकदा होत नाही. त्यामुळे 'माझ्या मुलांना होईल का' या तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: धोका सर्वसामान्यांपेक्षा जास्त, तरी साधारण शंभरात एक-दोन इतकाच.

पेप्टाइड गोळीतून का देत नाहीत, हेही विचारलंय. पोटात ते अन्नातल्या प्रथिनासारखं पचून जातं. रिसेप्टर मात्र जागेवर असतात, म्हणून त्यांना चालना देणाऱ्या छोट्या रेणूंवर काम चालू आहे. उलट दिशेचं औषध आधीच आलं: रिसेप्टर अडवणाऱ्या सुवोरेक्सांटला अमेरिकेत २०१४ मध्ये निद्रानाशासाठी मान्यता मिळाली.

शंका राहिलीच असेल तर जनुकाची तपासणी पुन्हा करू नका. पाठीच्या कण्यातून काढलेल्या पाण्यात हायपोक्रेटिन-१ मोजतात का, ते डॉक्टरांना विचारा. हायपोक्रेटिन-१ म्हणजेच ओरेक्सिन-ए. ते मिलिलिटरमागे ११० पिकोग्रॅम किंवा त्याहून कमी निघालं, तर टाइप १, म्हणजे ओरेक्सिनच्या अभावाने होणाऱ्या, नार्कोलेप्सीचं निदान पक्कं धरतात.