प्रोटीनचा मका आणि शेजारचा बांध

प्रश्न: आमचा विट्याजवळ छोटा पोल्ट्रीचा धंदा आहे, दोन म्हशीपण आहेत. दुकानदार म्हणतो क्यूपीएम (क्वालिटी प्रोटीन मेझ, म्हणजे चांगल्या प्रोटीनचा) मका लावा, त्यात प्रोटीन डबल असतं. पुतण्या म्हणतो शास्त्रज्ञांनी त्याचा जीन नकाशावर शोधलाय. मग हे बीटीसारखंच झालं का? आणि दाणा बघून ओळखता येतो का हो?

उत्तर: ताई, डबल प्रोटीन नाही, तिथं दुकानदार चुकला. एकूण प्रोटीन साध्या मक्याएवढंच, ८-१० टक्के, फक्त त्यातलं लायसिन आणि ट्रिप्टोफॅन, म्हणजे प्रोटीनचे दोन घटक, जवळपास दुप्पट असतं, आणि कोंबडीला तेच कमी पडतं म्हणून तर आपण भरड्यात सोयापेंड घालतो. म्हशीला मात्र फार फरक नाही, तिच्या पोटातले जंतू लायसिन स्वतःच बनवतात, तेव्हा तिच्यासाठी जास्त पैसे घालू नका.

बीटीसारखं नाही, तिथं जिवाणूचा जीन बाहेरून घालतात. हा गुण मक्यातच सापडला, १९६४ मध्ये अमेरिकेत, ओपेक-२ नावाच्या जीनचा. पण त्याचा दाणा खडूसारखा मऊ, सोंडे किडे लगेच लागायचे, उतारा कमी, म्हणून मागं पडला. मग मेक्सिकोच्या सिमिट या मका-गहू संशोधन केंद्रात सुरिंदर वसल आणि इव्हांजेलिना विलेगास यांनी दाणा टणक करणारे दुसरे जीन निवडत निवडत आणले, त्यांना २००० चा वर्ल्ड फूड प्राइझ मिळाला.

आता नकाशा. मक्याला १० क्रोमोझोम, म्हणजे पेशीतले जीन वाहणारे धागे, त्यावरच्या खुणा म्हणजे मार्कर, आपल्या हायवेवरच्या किलोमीटरच्या दगडांसारखे समजा. चांगल्या आणि साध्या वाणाचा क्रॉस करायचा, त्याच्या शे-दोनशे पोरांचे दाणे लॅबमध्ये तपासायचे आणि कुठला दगड कायम चांगल्या दाण्यासोबतच येतोय ते बघायचं, जीन त्याच्याच आसपास असणार. ओपेक-२ सातव्या क्रोमोझोमवर आहे, एकटाच, त्यामुळं सोपा. टणकपणाचे जीन मात्र बरेच आणि विखुरलेले, खरी डोकेदुखी तीच. मार्करवर रोपातच निवड होते, म्हणून विवेक क्यूपीएम ९ हा वाण २००८ मध्ये लवकर तयार झाला.

बघून ओळखता येत नाही, टणक दाणा साध्यासारखाच दिसतो, लॅबच लागते. आणि हे कोणी सांगत नाही: हा गुण दबका आहे, म्हणजे साधा जीन सोबत आला की झाकला जातो. शेजारच्या साध्या मक्याचा पराग तुमच्या कणसावर पडला की तो दाणा साधाच होतो. त्यामुळं पेरणी १५-२० दिवस मागंपुढं करा, आणि बांधाकडच्या चार-पाच ओळींची कणसं वेगळी काढून म्हशींना टाका.

बी दरवर्षी नवं घ्यायचं, हायब्रीड आहे ते.