एकत्र वाजवलं की आवाज फाटतो

प्रश्न: घरच्या स्टुडिओत एकेक ट्रॅक स्वच्छ वाजतो, पण पंधरा-वीस एकत्र लावले की चरचर येते. स्पीकर बिघडलाय का?

उत्तर: बहुधा नाही. इंटरफेसलाच (कॉम्प्युटरला माइक-स्पीकर जोडणारी पेटी) हेडफोन लावून ऐका. तिथंही चरचरलं तर दोष स्पीकरचा नाही. आता मास्टरचा, म्हणजे सगळे ट्रॅक जिथं एकत्र होतात त्याचा, मीटर बघा. लाल होत असेल तर बेरजेचा आवाज शून्य डेसिबलच्या वर जाऊन क्लिप होतोय, म्हणजे त्याची टोकं कापली जातायत. सगळ्या ट्रॅकचे फेडर (आवाजाच्या सरकपट्ट्या) एकदम ६ डेसिबल खाली घ्या.

मीटर लाल होत नाही, तरी टकटक ऐकू येते? मग प्रोसेसर मागे पडतोय. बफर, म्हणजे प्रोसेसर एका वेळी हाताळतो तो आवाजाचा तुकडा, १२८ वरून ५१२ सॅम्पल करा; त्याला जास्त वेळ मिळतो. ४८ किलोहर्ट्झ सॅम्पल रेटला (सेकंदाला ४८,००० सॅम्पल) त्यानं सुमारे ११ मिलिसेकंद उशीर होतो. मिक्सिंगला चालतो, गाणाऱ्याला मात्र खटकतो, तेव्हा रेकॉर्डिंगआधी बफर पुन्हा कमी करा.