आधी खाली उतरून बघ

तुझी ६४० ओळींची एक्सेल काल रात्री उघडली. सर्व्हर, लायसन्स, करार, मुदती, सगळं रंग भरून मांडलंयस. आणि शेवटी प्रश्न: कंपनीच्या आयटीच्या तीन वर्षांच्या आराखड्यासाठी हे कोणत्या साच्यात बसवू? साचा मिळेल कुठेही. यातल्या किती गोष्टी तू जाऊन डोळ्यांनी पाहिल्यास, ते आधी सांग.

रागावू नकोस. माझी यादी तुझ्यापेक्षा देखणी होती. खरेदीच्या नोंदी, नेटवर्क स्कॅन, विभागप्रमुखांनी भरलेले फॉर्म, सगळं होतं. डिस्पॅचमधल्या टेबलाखालचा जुना पीसी स्कॅनमध्ये दिसला नाही, म्हणून त्याच्यापुढे 'वापरात नाही, काढून टाकावा' असं लिहून मोकळा झालो. तो महिनाअखेरीला दोनच दिवस चालू व्हायचा. वाहतूकदारांची बिलं काढणारा, ॲक्सेस या डेटाबेस सॉफ्टवेअरमधला प्रोग्राम त्याच्यावर होता. लिहिणारा निवृत्त झालेला, वापरणारा माझ्या एक मजला खाली बसायचा. मी खाली उतरलो नाही. पीसी भंगारात गेला आणि पुढचे तीन आठवडे लोक हाताने हिशेब करत बसले. त्या माणसाने मला एका शब्दाने बोल लावला नाही, ते जास्त लागलं.

म्हणून म्हणतो, खाली उतर. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, ही तारीख तू बरोबर लिहिलीस. पण विंडोज १० वरच्या मशीनला एखादं तपासणी यंत्र जोडलेलं असेल, तर ते यंत्र चालवणारा ड्रायव्हर विंडोज ११ वर चालतो का? ते तिथला ऑपरेटरच सांगेल. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या जावा प्रोग्रामच्या नोंदी ठेवणाऱ्या लायब्ररीतली सुरक्षेची त्रुटी उघड झाली, तेव्हा कितीतरी कंपन्या पॅचपाशी, म्हणजे दुरुस्तीपाशी नाही, त्याच्या आधीच अडल्या: ही लायब्ररी आपल्याकडे आहे तरी कुठे? विकत घेतलेल्या सॉफ्टवेअरच्या पोटात ती दडलेली होती, आणि खरेदीच्या नोंदीत पोटातलं दिसत नाही.

हे बंद पडलं तर पहिला फोन कोणाला करता, असं प्रत्येक ठिकाणी विचार. सगळीकडून एकच नाव आलं, तर ते नाव आराखड्यात सर्व्हरच्या वर लिही. त्या माणसाची निवृत्ती कधी आहे, हेही.

साहेबांनी दहाच दिवस दिलेत, माहीत आहे. मुदत वाढवून माग. मी मागत गेलो, 'काम लांबवतो' असा शिक्का बसला, एक बढतीही हुकली. तरी मुदत मागण्यात माझी चूक नव्हती. (प्रिंटरसुद्धा एकेक करून मोजले, ते जरा अती झालं, कबूल.) पण त्यानंतर माझ्या यादीतलं एकही यंत्र न विचारता भंगारात गेलं नाही.

आज पंचवीस तारीख. महिनाअखेरीचे दोन दिवस हिशेब खात्यात जाऊन बस, आणि एरवी झाकलेलं कोणतं मशीन कोण उघडतंय तेवढं बघ. साच्याचं त्यानंतर बोलू.