‘बेर्न’चं आपल्या ‘बाळा’शी नातं आहे का?

प्रश्न : मुलगा-सून न्यूकॅसलला असतात. तिथल्या वयस्कर शेजारणी नातवाला ‘बेर्न’ म्हणतात. आम्ही इकडं लेकरू म्हणतो, पण ‘बेर्न’ ऐकलं की ‘बाळ’ आणि ‘बारसं’ दोन्ही डोक्यात येतात. शब्द आपल्याकडूनच तिकडं गेला का? आणि शाळेतल्या इंग्रजीत तो कसा भेटला नाही? (एक वाचक, उदगीर)

उत्तर : गेलेला नाही. ‘बाळ’ आणि ‘बारसं’ दोन्ही सोडून द्यावे लागतील. नातं आहे, पण ते भलत्याच शब्दाशी.

‘बेर्न’ म्हणजे मूल. आज तो मुख्यतः स्कॉटलंडात आणि इंग्लंडच्या उत्तर भागात बोलला जातो, म्हणून पाठ्यपुस्तकात भेटत नाही. (ग्लासगोकडं मात्र ‘वेन’ चालतं, ते ‘वी एन’, म्हणजे ‘लहानगं’, याचं जोडरूप.) जुन्या इंग्रजीत ‘बेआर्न’ दक्षिणेतही होता, पुढं तिथं ‘चाइल्ड’नं त्याला हुसकावलं. उत्तरेत त्याला नॉर्स, म्हणजे स्कँडिनेव्हियातून आलेल्या लोकांचं बळ मिळालं. 793 मध्ये उत्तर इंग्लंडच्या किनाऱ्यालगतच्या लिंडिसफार्न बेटावरच्या मठावर त्यांचा हल्ला झाला, पुढच्या शतकात ते तिकडं वस्ती करून राहिले, आणि त्यांच्याही तोंडी मुलाला ‘बार्न’च होतं.

स्वीडिश, डॅनिश, नॉर्वेजियन, आइसलँडिक या सगळ्यांत आजही ‘बार्न’ आहे, नेदरलँड्समधल्या पश्चिम फ्रिजियनमध्ये ‘बेर्न’. चौथ्या शतकात वुल्फिला या बिशपनं गॉथिक या जुन्या, आता लोपलेल्या भाषेत केलेल्या बायबलातही ‘बार्न’च. (रूपं लेखनानुसार दिली आहेत, उच्चार जागोजागी बदलतात.) स्वीडिशमध्ये अनेकवचनही ‘बार्न’च राहतं, आइसलँडिकमध्ये ते ‘बॉर्न’सारखं होतं, कारण शेवटी पूर्वी एक ‘उ’ होता. तो गळाला, पण जाताना आधीच्या ‘अ’ला गोल करून गेला. नातवंडाला स्वीडिश माणूस ‘बार्नबार्न’ म्हणतो, मुलाचं मूल. हिशेब सरळ आहे.

जर्मनमध्येही हा शब्द होता, पण तो मागं पडून ‘किंड’ उरला. ‘किंड’चा धातू आपल्या ‘जन्म’, ‘जात’ यांच्या धातूचाच भाऊ.

आता अर्थ. ‘बार्न’च्या मुळाशी वाहणं, उचलून नेणं या अर्थाचा धातू आहे, संस्कृतातला ‘भृ’. त्याला लागलेला ‘न’ म्हणजे ‘भिन्न’, ‘छिन्न’ यांतला ‘न’. ‘जीर्ण’मध्ये तोच ‘र’मुळे ‘ण’ झालाय. म्हणजे बार्न हे वाहिलेलं, पोटात वागवून जन्माला घातलेलं. इंग्रजीतले ‘बेअर’, जन्मलेला या अर्थाचा ‘बॉर्न’ आणि ओझं या अर्थाचा ‘बर्डन’ याच घरातले. आपल्याकडचे भाऊबंद म्हणजे ‘भार’, ‘भरणपोषण’, आणि ज्वारी काढल्यावर कडब्याच्या पेंढ्या एकत्र बांधून डोक्यावर घेतात तो ‘भारा’. न्यूकॅसलचं बेर्न आणि उदगीरचा भारा सख्खे नसले तरी एकाच आजोबांचे.

‘बाळ’ का नाही? संस्कृत ‘भ’समोर जर्मानिक भाषांत (इंग्रजी, जर्मन, स्वीडिश यांच्या घराण्यात) ‘ब’ येतो; संस्कृत ‘ब’ समोर ‘प’ यायला हवा. ‘बाल’मध्ये ‘ब’ आहे, शिवाय त्यात ‘न’चा पत्ता नाही. कुणी म्हणेल, मग ‘बंध’ आणि ‘बाइंड’ कसे जुळतात? तिथं मूळ ‘भ’च होता. पुढं ‘ध’ असल्यानं संस्कृतात पहिल्या महाप्राणाचा (‘भ’, ‘ध’ यांसारख्या ‘ह’ मिसळलेल्या व्यंजनाचा) ‘ह’कार गेला. एका शब्दात दोन महाप्राण आले की संस्कृत पहिल्याला हलका करतं. ‘बाल’मध्ये दुसरा महाप्राणच नाही, तेव्हा ही सवलत त्याला मिळत नाही.

‘बारसं’ तर ‘बारा’वरून, बाराव्या दिवसाचा विधी. ‘बारा’ आलं ‘द्वादश’वरून. त्यातल्या ‘द्वा’चा इंग्रजी सोयरा ‘टू’.

प्रश्न : इंग्रजीत धान्य ठेवायच्या कोठारालाही ‘बार्न’ म्हणतात. तोच शब्द का? (एक वाचक, परभणी)

उत्तर : नाही. तो जुन्या इंग्रजीतला ‘बेरे-एर्न’. ‘बेरे’ म्हणजे सातू, ‘एर्न’ म्हणजे घर. घासून घासून दोन शब्दांचा एक झाला. ऑर्कने बेटांवर सातूच्या एका जुन्या वाणाला अजून ‘बेरे’च म्हणतात.

प्रश्न : मोबाइलवर ‘मराठीतून इंग्रजीत गेलेले शब्द’ अशा याद्या फिरतात. खरं-खोटं घरबसल्या कसं तपासायचं? (एक वाचिका, माजलगाव)

उत्तर : आजची रूपं शेजारी ठेवून काहीच कळत नाही. आधी मराठी शब्दाचं संस्कृत किंवा प्राकृत रूप काढा. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश आणि टर्नरचा भारतीय आर्य भाषांचा व्युत्पत्तिकोश शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट आहेत. मग इंग्रजी शब्दाचं जुनं रूप पाहा, कारण पुष्कळ शब्द फ्रेंच-लॅटिनमधून आलेले असतात आणि त्यांना पुढचा नियम लागत नाही. त्यानंतर पहिलं व्यंजन ताडा : ‘प’ला ‘फ’ (पाद–फूट), ‘त’ला ‘थ’ (तृण–थॉर्न), ‘द’ला ‘ट’ (दंत–टूथ), ‘ग’ला ‘क’ (गो–काऊ), ‘भ’ला ‘ब’ (भ्रातृ–ब्रदर). याकोब ग्रिम या जर्मन अभ्यासकानं 1822 मध्ये हा नियम मांडला. रास्क या डॅनिश अभ्यासकानं त्याच्या चार वर्षं आधीच बरंचसं दाखवून दिलं होतं. एकच अक्षर जुळलं म्हणून हुरळू नका, निदान दोन व्यंजनं आणि अर्थ जुळू द्या.

नियमानं नापास होऊनही खरे नातेवाईक निघालेले शब्द थोडे आहेत. ‘दार’ आणि ‘डोअर’ घ्या. दोन्हीकडं ‘द’ म्हटल्यावर शंका यायला हवी. पण ग्रीकमधलं ‘थुरा’ पाहिलं की मुळात ‘ध’ होता हे दिसतं. इंग्रजीचा ‘ड’ नियमाप्रमाणंच आहे. ‘ह’कार गमावलाय तो संस्कृत ‘द्वार’नं.