मे अखेरचे माँटेनेग्रो आणि दोन लाख चाळीस हजारांची तूट

आपले पत्र मिळाले. मे महिन्याच्या शेवटच्या पंधरवड्यात आपण दोघे आणि दहा वर्षांची मुलगी असे तिघे माँटेनेग्रोला जाऊ इच्छिता. शेजारच्या क्रोएशियातील डुब्रोव्हनिकला तीन रात्री आणि मग माँटेनेग्रोत किनाऱ्यावरचे कोटोर व बुद्वा आणि डोंगरातले झाब्ल्याक येथे प्रत्येकी तीन, अशा बारा रात्रींच्या सहलीचा आपला अंदाज 8,40,000 रुपयांचा असून त्यासाठी साठवलेली रक्कम 6,00,000 रुपये आहे. उरलेल्या 2,40,000 रुपयांसाठी आपल्या पतींना वैयक्तिक कर्ज घ्यावेसे वाटते, आपल्याला आपत्कालीन निधीची मुदत ठेव मोडावीशी वाटते, आणि हे दोन्ही नको असेल तर जुलैमध्ये बोनस मिळाल्यावर जावे का, असे आपण विचारले आहे.

आपल्या पत्रातील माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे वाक्य आपण अगदी शेवटी, जाता जाता लिहिले आहे: आपल्या कंत्राटी नोकरीची मुदत ऑगस्टमध्ये संपते आणि नूतनीकरणाविषयी अद्याप काही कळलेले नाही. त्या एका वाक्यामुळे पहिले दोन्ही पर्याय माझ्या दृष्टीने बाद होतात. आपला घरखर्च महिन्याला 80,000 रुपये आहे आणि आपत्कालीन निधी 5,00,000 रुपयांचा, म्हणजे सहा महिन्यांहून किंचित अधिक पुरेल इतका आहे. त्यातून 2,40,000 काढले तर जेमतेम सव्वातीन महिन्यांची बेगमी उरते, आणि तीही नेमकी ज्या तिमाहीत तिची गरज पडण्याची शक्यता सर्वाधिक आहे त्या तिमाहीत. कर्जाचे म्हणाल तर 13 टक्के दराने दोन वर्षांसाठी मासिक हप्ता सुमारे 11,400 रुपये पडेल आणि व्याजापोटी 33,800 रुपयांच्या आसपास जातील. ही रक्कम मोठी नाही, हे आपल्या पतींचे म्हणणे खरे आहे. परंतु सहल संपल्यावर बावीस-तेवीस महिने, त्यांतील काही कदाचित एकाच पगारावर, हप्ता चालू राहणार आहे. शिवाय व्हिसा नाकारला गेला तर सहल रद्द होईल, पण घेतलेले कर्ज तेवढ्याने रद्द होणार नाही.

जुलैच्या पर्यायाबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. जुलै-ऑगस्ट हा तेथील किनाऱ्यावरचा सर्वांत गर्दीचा आणि महागडा काळ असतो, मुलीची शाळा तोवर सुरू झालेली असते, आणि ऑगस्टचा प्रश्न सुटलेला नसताना बोनस सहलीवर खर्च करणे म्हणजे तीच चूक दोन महिने उशिरा करणे होय. तेव्हा जायचे तर मे महिन्यातच जावे. मात्र 8,40,000 ऐवजी 6,00,000 रुपयांत बसणारी सहल आखावी, आणि ती आखता येते असे मला आपला अंदाजपत्रकाचा कागद वाचून वाटले.

माँटेनेग्रो हा देश क्षेत्रफळाने चौदा हजार चौरस किलोमीटरांपेक्षाही थोडा लहान आहे, पण किनाऱ्यापासून दुर्मितोर पर्वतरांगेच्या 2,500 मीटरांहून उंच शिखरांपर्यंतचे सगळे त्यात दाटीवाटीने बसलेले आहे. त्यामुळे मे अखेरीस एकाच देशात दोन ऋतू असतात, आणि आपल्या अंदाजपत्रकाने हे लक्षात घेतलेले नाही. बुद्वाच्या तीन रात्री आपण समुद्रस्नानासाठी ठेवल्या आहेत, परंतु त्या काळात एड्रियाटिक समुद्राचे पाणी लहान मुलीला तासभर डुंबू देण्याइतके ऊबदार झालेले नसते, आणि पुळण वगळली तर जुन्या बुद्वाचा तटबंदीचा भाग कोटोरहून येऊन एका दिवसात पाहून होतो. दुसरीकडे, वितळत्या बर्फामुळे तारा नदीला मे महिन्यात भरपूर पाणी आणि वेग असतो. राफ्टिंगची हौस असलेल्यांना ते हवेच असते, पण दहा वर्षांच्या मुलीसाठी त्याचे पैसे आगाऊ भरू नयेत. झाब्ल्याकजवळचे काळे सरोवर पायी फिरून येणे आणि 1940 मध्ये पूर्ण झालेल्या तारा दरीवरच्या पुलावरून खाली पाहणे एवढ्यावरही दोन दिवस सहज भरतात. दुर्मितोरमधील सेडलो खिंडीचा रस्ता 1,900 मीटरांवरून जातो आणि तो बर्फामुळे मे अखेरपर्यंतही बंद असू शकतो, म्हणून त्या रस्त्यावर अवलंबून असलेला कोणताही मुक्काम रद्द करता येण्याजोगाच असावा.

म्हणून मी असे सुचवतो: डुब्रोव्हनिकला जाताना एक आणि येताना एक, कोटोरच्या उपसागराकाठी चार आणि झाब्ल्याकला तीन, अशा एकूण नऊ रात्री ठेवाव्यात. विमानभाड्याचे 2,70,000 आणि व्हिसा-विम्याचे 40,000 मी तसेच ठेवले आहेत, कारण तेथे बचत गृहीत धरणे म्हणजे स्वतःची समजूत घालणे आहे. निवासासाठी स्वयंपाकघर असलेली जागा घेतल्यास नऊ रात्रींचे 85,500 धरता येतील. दहा दिवस गाडी भाड्याने घेण्याऐवजी डुब्रोव्हनिक ते कोटोर बसने जावे आणि डोंगराच्या भागासाठी पाच दिवस गाडी घ्यावी. सीमेपलीकडे गाडी नेण्यासाठी भाड्याच्या कंपनीची परवानगी आणि जादा आकार लागतो, तोही त्यामुळे वाचतो. इंधन व बस धरून हा खर्च 47,500 होईल. जेवणाचे 63,000, प्रेक्षणीय स्थळांचे 45,000 आणि किरकोळ 25,000 धरले तर एकूण 5,76,000 रुपये होतात, आणि 24,000 रुपये युरो महागल्यास वापरण्यासाठी शिल्लक राहतात. आपण खरेदी व किरकोळ या सदराखाली 90,000 लिहिले होते, त्याला मी बरीच कात्री लावली आहे. त्याबद्दल घरात थोडी नाराजी होईल, याची मला कल्पना आहे.

युरोचा उल्लेख आला म्हणून सांगतो. माँटेनेग्रो युरोपीय संघाचा सदस्य नाही, तरीही 2002 पासून तेथे युरोच चालतो, आणि क्रोएशियातही 2023 पासून युरो आहे, त्यामुळे आपल्याला एकच चलन पुरते. या देशाने मात्र 2014 मध्ये चीनच्या निर्यात-आयात बँकेकडून महामार्गासाठी डॉलरमध्ये कर्ज घेतले होते. उत्पन्न एका चलनात आणि देणे दुसऱ्या चलनात असल्याने विनिमय दराचा धोका अंगावर आला आणि 2021 मध्ये त्यापासून संरक्षण देणारे करार बँकांशी करावे लागले. आपली कमाई रुपयात आणि खर्च युरोत आहे, म्हणून तेथे होणाऱ्या खर्चाचे युरो फॉरेक्स कार्डावर (आधीच परकीय चलन भरून ठेवायच्या कार्डावर) आतापासून दोन-तीन टप्प्यांत घ्यावेत. नेहमीचे क्रेडिट कार्ड परदेशात वापरल्यास त्यावर सुमारे साडेतीन टक्के आकारणी होते, म्हणजे तेथील अडीच-पावणेतीन लाखांच्या खर्चावर नऊ हजारांच्या आसपास. दुकानातील यंत्राने रुपयात पैसे द्यायचे का असे विचारल्यास नकार देऊन युरोच निवडावा. 21 आणि 22 मे रोजी माँटेनेग्रोत स्वातंत्र्यदिनाची सार्वजनिक सुट्टी असते, त्यामुळे त्या दिवसांपुरती थोडी रोकड आधीच जवळ असावी.

साठवलेल्या सहा लाखांपैकी दोन लाख इक्विटी फंडात, म्हणजे शेअर बाजारात गुंतवणाऱ्या फंडात आहेत, असे आपण लिहिले आहे. जी रक्कम काही महिन्यांत खर्च व्हायची आहे ती तेथे ठेवण्यात अर्थ नाही, म्हणून ती याच आठवड्यात काढून लिक्विड फंडात (अल्पमुदतीच्या, कमी जोखमीच्या म्युच्युअल फंडात) किंवा बचत खात्यात ठेवावी. सहल कंपनीचे पॅकेज घेतल्यास त्याच्या पहिल्या रुपयापासून टीसीएस (विक्रेत्याने वसूल करून सरकारकडे भरायचा आगाऊ प्राप्तिकर) कापला जातो. तो विवरणपत्र भरताना जमा मिळतो खरा, पण तोवर पैसे अडकून राहतात, आणि तूट भरून काढण्यासाठी धडपडणाऱ्या घराला तेही जड जाते. स्वतः आरक्षण करून फॉरेक्स कार्ड वापरल्यास वर्षाला दहा लाखांच्या मर्यादेखाली ही कपात होत नाही.

आता खर्चाच्या क्रमाविषयी, कारण येथे केलेली घाई सर्वांत महाग पडते. क्रोएशिया शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहे आणि माँटेनेग्रो नाही. वैध शेंगेन व्हिसावर आपल्याला माँटेनेग्रोत 30 दिवसांपर्यंत राहता येते, पण तेथून परत डुब्रोव्हनिकला येणे म्हणजे शेंगेन क्षेत्रात दुसऱ्यांदा प्रवेश करणे होय. म्हणून अर्जातच एकाहून अधिक प्रवेशांची मागणी करावी. शुल्क प्रौढांना 90 युरो आणि मुलीला 45 युरो आहे, आणि व्हिसा नाकारला तरी ते परत मिळत नाही. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निर्णयास साधारण पंधरा दिवस लागतात, क्वचित पंचेचाळीसही, तेव्हा मार्चच्या सुरुवातीपर्यंत तो दाखल व्हावा. तोवर निवासाची आरक्षणे विनाशुल्क रद्द होणारी असावीत आणि विमानाचे पक्के तिकीट काढू नये, भले ते चार-पाच हजारांनी महागले तरी. व्हिसा एकाच प्रवेशाचा मिळाला तर डुब्रोव्हनिकच्या दोन्ही रात्री सुरुवातीलाच घ्याव्यात आणि परतीचे विमान माँटेनेग्रोची राजधानी पॉडगोरिकाहून इस्तंबूलमार्गे धरावे.